दोरीत तारच नव्हती: झटका जाळीच्या खरेदीत झालेली फसवणूक

पुरंदर तालुक्यातील आमच्या सीताफळाच्या बागेत आम्ही सुमारे 200 गावरान कोंबड्या मोकळ्या सोडून पाळतो. मुंगूस, रानमांजर आणि मोकाट कुत्री यांचा उपद्रव वाढल्यामुळे गेल्या फेब्रुवारीत मी झटका जाळी, म्हणजे विजेचा क्षणिक झटका देऊन जनावरांना दूर ठेवणारी कुंपणाची जाळी, घेतली. जाळीचे तत्त्व खरे आहे, हे आधीच सांगतो. तिच्या आडव्या दोऱ्यांत प्लॅस्टिकच्या धाग्यांबरोबर स्टीलच्या बारीक तारा वळलेल्या असतात, मशीन त्यांतून साधारण सेकंदाला एकदा काही हजार व्होल्टचा क्षणिक झटका सोडते, आणि जनावराचे ओले नाक जाळीला लागले की प्रवाह त्याच्या अंगातून जमिनीत उतरून अर्थिंगच्या सळईवाटे मशीनकडे परततो.

एका कृषी प्रदर्शनात भेटलेल्या विक्रेत्याकडून 50 मीटरचे चार रोल आणि सोलर झटका मशीन मी 38,000 रुपयांना घेतले. त्याने टेस्टरचे दिवे लावून दाखवले. मात्र टेस्टर नुसत्या मशीनला लावलेला होता, जाळी जोडलेलीच नव्हती. मशीनवर '12,000 व्होल्ट' असे ठळक छापले होते, झटक्याची ऊर्जा किती ज्यूल याचा उल्लेख कुठेही नव्हता. काहीही न जोडता व्होल्ट मोठे दाखवणे सोपे असते. लांब जाळी आणि तिला टेकलेले गवत यांतून गळती होऊनही झटका टिकेल का, हे ज्यूलवर ठरते. पक्के बिल नंतर पाठवतो म्हणून त्याने वहीच्या कागदावर पावती लिहून दिली आणि मी ती घेतली.

तिसऱ्या आठवड्यात कुत्र्यांनी एका रात्रीत 31 कोंबड्या मारल्या. फोन केल्यावर 'तुमचे अर्थिंग कच्चे आहे, जाळीला गवत लागले असेल' असे उत्तर मिळाले. ही दोन्ही कारणे खरोखरच संभवतात, आणि म्हणूनच हे उत्तर घातक ठरले. मुरमाड जमीन कोरडी पडली की प्रवाहाला परतीची वाट नीट मिळत नाही, हे मलाही ठाऊक होते. त्यामुळे मी महिनाभर स्वतःलाच दोष देत सळया वाढवल्या, त्यांच्या बुडाशी पाणी ओतले आणि ठिबकाच्या ओलीवर वाढलेले गवत पुन्हा पुन्हा कापले.

अखेर धाकट्या भावाने मधल्या दोरीचा तुकडा कापून त्याला काडी लावली. प्लॅस्टिक वितळल्यावर केसासारख्या चकाकत्या तारा उरायला हव्या होत्या. आमच्या दोरीचा काळा गोळा झाला आणि आत काहीच निघाले नाही. सर्वांत खालची दोरी बिनतारेचीच असते, पण उरलेल्या आठांपैकी केवळ वरच्या दोन दोऱ्यांत तार होती. घेणारा माणूस वाकून न पाहता टेस्टर लावतो, तो नेमका तिथेच. कुत्र्याचे किंवा मुंगसाचे नाक तिथवर पोहोचतच नाही.

पुन्हा फोन केला तेव्हा विक्रेत्याच्या माणसाने 'रात्रीपुरती घरातली लाइन जाळीला जोडा' असा सल्ला दिला. कृपया असे कदापि करू नका. झटका मशीनच्या दोन ठोक्यांमध्ये हात सोडवायला अवसर मिळतो. घरगुती 230 व्होल्टचा प्रवाह अखंड असल्याने स्नायू आखडतात आणि हात तिथेच धरला जातो. कुंपणात अशी वीज सोडणे हा गुन्हा आहे आणि त्यात माणसे दगावली आहेत. शेजारच्या वस्तीवरची मुले आमच्या बांधावरून शाळेत जातात.

जाळी घ्यायची असेल तर पैसे देण्यापूर्वी प्रत्येक आडवी दोरी मल्टिमीटरने तपासा, एक तुकडा जाळून पाहा, आणि पूर्ण जाळी उभी करून दूरच्या टोकाला किमान 3,000 व्होल्ट मिळतात का ते मोजायला लावा. मशीन आयईसी 60335-2-76 या, कुंपणाच्या झटका मशीनसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकाचे आहे का, ते विचारा. जीएसटीचे बिल हातात आल्याशिवाय माल गाडीत चढवू नका. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. मी तिथे अर्ज केला आहे. पक्क्या बिलाऐवजी वहीतली पावती, यूपीआयची नोंद आणि त्या जळक्या दोरीचा तुकडा सोबत जोडला आहे.