दांडिया बाजारातला फ्रेझल व्हर्ब्जचा क्लास: शिकवणी चांगली, नोट्स कच्च्या

इंग्रजीतली फ्रेझल व्हर्ब्ज, म्हणजे ‘टर्न ऑफ’सारखी दोन शब्दांची क्रियापदं, बडोद्यात मराठीतून समजावणारा हा छोटा क्लास. जमेची बाजू म्हणजे क्रियापद शिकवतानाच कर्माची जागाही पक्की करून घेतात. ‘टर्न ऑफ द फॅन’ आणि ‘टर्न द फॅन ऑफ’ दोन्ही चालतं. पण फॅनऐवजी ‘इट’ आलं की ते मधेच बसतं: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ ही आपल्याकडची हमखास चूक. उलट ‘लुक आफ्टर’ (काळजी घेणं) फोडता येत नाही, तिथे ‘लुक आफ्टर इट’च. एवढं एक कोष्टक वहीत उतरवलं तरी फी वसूल.

‘अप’ शिकवण्याची पद्धतही झकास. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणं, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणं. आपलं ‘टाकणं’ जे काम करतं तेच इथे ‘अप’ करतं. अर्थात ‘गिव्ह अप’ला (हार मानणं) हा हिशोब लावायला जाऊ नये.

नोट्स मात्र निराशा करतात. ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत नुसती यादी, एकेका शब्दापुढे एकच अर्थ. ‘टेक ऑफ’पुढे फक्त विमानाचं उड्डाण, बूट काढणं आणि सुट्टी घेणं गायब. ‘पुट ऑफ’ आणि ‘कॉल ऑफ’ दोन्हींपुढे ‘रद्द करणे’ छापलंय, आणि हे सरळ चूक आहे. मीटिंग ‘पुट ऑफ’ केली तर ती पुढे ढकलली, ‘कॉल ऑफ’ केली तर रद्द. ऑफिसच्या मेलमध्ये हा घोळ महागात पडेल.

क्लास जरूर लावा, वाक्यं स्वतःच्या वहीत लिहा. झेरॉक्सचे पैसे वाचवा.