स्पिरिटचा घरगुती स्टोव्ह: बिअरच्या कॅनचा की बुटक्या डब्याचा?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, मुक्कामाला जाणाऱ्या एका स्नेह्यांपुढे हा पेच आहे. खर्चाचा प्रश्न फारसा नाही, कारण दोन्ही वस्तू भंगारातूनच मिळतात. मात्र बुटक्या, म्हणजे ट्यूना माशाच्या रिकाम्या डब्याला आधी लोहचुंबक लावून पाहावे, तो चिकटला तर डबा अॅल्युमिनियमचा नाही.

मेहनतीत फरक मोठा आहे. कॅनचा पत्रा जेमतेम 0.1 मिलिमीटर जाड असल्याने तो कात्रीने सहज कापला जातो, पण दोन कॅनची कापलेली बुडे एकमेकांत सरकवताना कड हमखास फाटते आणि सुईने पाडलेली भोकेही सारख्या अंतरावर असावी लागतात. डब्याला वरच्या कडेखाली भोकांच्या दोन रांगा पाडल्या की काम झाले. शिवाय त्याचा जाड पत्रा पिशवीत चेपत नाही.

कॅनच्या स्टोव्हची ज्योत नीटस असते, पण भांड्यासाठी वेगळी तिवई लागते. डब्यावर भांडे थेट ठेवता येते. फक्त आतले स्पिरिट उकळू लागण्यापूर्वी ठेवले तर ज्योत गुदमरते. फेणी ओतण्याचा मोह टाळावा, तिच्यात निम्म्याहून अधिक पाणीच असते. दोन्हींची ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून स्टोव्ह पूर्ण थंड झाल्याखेरीज स्पिरिट पुन्हा भरू नये. अभयारण्यात तर तो पेटवूच नये.

एकट्याच्या चहासाठी डबा पुरेसा आहे आणि स्नेह्यांनी तोच करावा. हातकामाची हौस असलेल्यांनी, अरुंद भांडे वापरायचे असल्यास, कॅनच्या वाटेला जावे.