रात्र कोणाची? घरात आजारी माणूस असताना चार पर्यायांची तुलना

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, लकवा मारला त्याला तीन वर्षं झाली. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धवट राहिलं. लातूरला आमचं दोन खोल्यांचं घर, त्यांची बाज खिडकीपाशी. या तीन वर्षांत तीन पद्धती मी स्वतः करून पाहिल्या, चौथी नात्यातल्या एका घरात जवळून पाहिली. रुग्णाला काय बरं पडेल ते डॉक्टर सांगतातच. सांभाळणारीचं काय, हे कोणी सांगत नाही, म्हणून तिच्या बाजूने लिहिते आहे.

माझी मोजपट्टी एकच आहे: रात्री कोण उठतं? दिवसा शेजारीण येते, पोरं शाळेतून येतात, पाहुणे फळं घेऊन येतात. रात्री कोणी येत नाही.

पहिले चौदा महिने मी एकटीनेच केलं. त्यात खर्च कमी होतो, आत्याबाईंना परका हात लागत नाही, कोणती गोळी कधी द्यायची ते एकाच डोक्यात राहतं. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर कंबरेला, टाचांना जखमा होतात. हवेची गादी घेतली तरी ते सुटत नाही. म्हणजे रात्री अकरा, एक, तीन, पाच. त्यात आपल्याकडचं पाणी. नळ आठ-आठ दिवस येत नाही आणि चादर तर रोज धुवावी लागते. उन्हाळ्यात टँकर आला की झोपेतून उठून हंडे भरायचे. माझी कंबर आत्याबाईंना उचलून जेवढी गेली, तेवढीच हंड्यांनी गेली.

एका रात्री तीनला चादर बदलताना मी त्यांचा हात झटक्यात ओढला. बांगडी मनगटात रुतली. त्या काही बोलल्या नाहीत, तोंड भिंतीकडे फिरवलं. मी मोरीत जाऊन बसले आणि पहिल्यांदा मनात आलं, आता हे संपलं तर बरं. सांभाळणाऱ्या कितीतरी माणसांच्या मनात हा विचार येतो हे मला फार उशिरा कळलं. तो आला म्हणून तुम्ही वाईट सून किंवा वाईट लेक होत नाही. पण तो आल्यावर एकटीने पुढे रेटायचं नसतं. दवाखान्यातून आणल्यावरचा महिना-दीड महिना एकटीने निघतो, त्याच्यापुढे हा पर्याय धरू नका, असं मी ठामपणे सांगेन.

दुसरी पद्धत पाळीची. महिनाभर थोरल्याकडे, महिनाभर धाकट्याकडे, असं गावोगावी चालतं. आम्हीही आत्याबाईंना एकदा पुण्याला भाऊजींकडे नेलं. गाडीत हाल झालेच, पण नव्या खोलीत त्यांना रात्री भीती वाटायची, आणि ओरडू लागल्या की जाऊबाई घाबरून मलाच फोन करायच्या. म्हणजे रुग्ण पुण्याला असून जागरण लातूरलाच. त्यातून शिकलो ते असं की रुग्णाला हलवू नये, सांभाळणाऱ्यांनी यावं. आता जाऊबाई सुट्टीत आठ दिवस इकडे येतात. नणंद रेणापूरहून येते, पण सोयाबीनची काढणी असली की तिला जमत नाही. पाळी ठरवताना शेतीचं वेळापत्रक आधी मांडा, नाहीतर दसऱ्याच्या सुमाराला भांडण ठरलेलं.

तिसरी, मदतीला बाई ठेवणं. रुग्णांसाठी बाया पुरवणाऱ्या ब्युरोतून आलेली मावशी कामात तयार असते, पण बदलत राहते. गल्लीतली ओळखीची बाई टिकते, तिला शिकवावं लागतं. आम्ही ओळखीची ठेवली. रुग्णाखाली दुहेरी घडी घातलेली चादर कायम ठेवायची, दोघींनी दोन बाजूंनी ती धरून माणूस सरकवायचा, वाकायचं ते गुडघ्यांतून. दोन दिवसांत ती शिकली. बहुतेक घरं बाई दिवसाला ठेवतात. मी म्हणेन, रात्रीला ठेवा. दिवसभराच्या पैशात नाही जमलं तर आठवड्यातल्या तीनच रात्री ठेवा, आणि त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपा. ‘सून घरात असताना परकी बाई कशाला’ असं आमच्याकडेही झालं. बोलणाऱ्यांपैकी कोणी एक रात्र काढली नाही. खर्च होतोच, पण माझ्या कंबरेच्या फिजिओथेरपीला जात होता तो बंद झाला.

चौथा पर्याय निवासी शुश्रूषा केंद्राचा. नळीने जेवण, वारंवार कफ ओढावा लागणं, किंवा विसरण्याच्या आजाराने रात्री घराबाहेर निघून जाणं असेल, किंवा सांभाळणारीच आजारी पडली असेल, तर तो नक्की बघा. त्यात टाकून देणं असं काही नाही. बघायला जाल तेव्हा रात्री जागं कोण असतं, एका माणसाकडे किती रुग्ण असतात आणि नातेवाइकांना केव्हाही येऊ देतात का, एवढं विचारा.

कोणताही मार्ग धरला तरी स्वतःचं बीपी आणि साखर तपासून घ्या. गावातल्या आरोग्य उपकेंद्रातही ते होतं. मला स्वतःचं बीपी वाढल्याचं आत्याबाईंच्या तपासणीला आलेल्या सिस्टरने सांगितलं, तेही सहज पट्टा बांधला म्हणून. दोन आठवडे झोप येत नसेल, जेवण नकोसं झालं असेल, सतत रडू येत असेल तर टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. 2022 पासून सुरू असलेली ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. स्वतःच्या जिवाचं काही करावंसं वाटलं तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच फोन करा आणि घरातल्या कोणाला तरी उठवा.

अजून ठरत नसेल तर पंधरा दिवस एक वही उशाशी ठेवा. रात्री किती वाजता उठलात, कशासाठी, परत झोप लागली का, एवढंच लिहा. घरात हा विषय काढताना तोंडी सांगू नका, वही पुढे ठेवा. आमच्या ह्यांनी माझी वही जेवणानंतर वाचली, चार पानं उलटली, आणि हात न धुताच भाऊजींना फोन लावला.