भोपाळची तडजोड की विशाखापट्टणमची ठेव?

विषारी वायूची गळती झाल्यावर कंपनीकडून पैसे काढायचे दोन मार्ग आपण पाहिले. भोपाळला डिसेंबर 1984 मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. पीडितांच्या वतीने सरकार कोर्टात उभं राहिलं आणि 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली. रक्कम एकदाच, फाइल बंद. दुखणी मात्र बंद झाली नाहीत. वाढीव भरपाईची सरकारची याचिका 2023 मध्ये फेटाळली गेली. कारखान्यातला 337 टन विषारी कचरा पीथमपूरला जाळून संपला तो थेट 2025 मध्ये. चाळीस वर्षं कचरा भोपाळलाच!

विशाखापट्टणमला 7 मे 2020 च्या पहाटे एलजी पॉलिमर्सच्या कारखान्यातून स्टायरीन हे विषारी रसायन वायुरूपात सुटलं, माणसं रस्त्यातच कोसळली. दुसऱ्याच दिवशी पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाने कंपनीला 50 कोटी रुपये जिल्हाधिकाऱ्यांकडे भरायला सांगितलं. चूक किती, कोणाची, ते नंतर, पैसे आधी.

मला दुसरा मार्ग बरा वाटतो. पण तोही तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच. आपल्याकडे वैध पर्यावरण मंजुरी नाही, हे त्या कंपनीनेच 2019 मध्ये प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं होतं. तरी टाक्या भरलेल्या होत्या.