आयटी सपोर्ट बाहेर दिला, त्याला दहा महिने झाले

भोसरी एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं वर्कशॉप आहे, माल चाकणला जातो. तीन वर्षांत माणसं ३५ वरून ९० झाली आणि कॉम्प्युटर ११ वरून ३८. ते सांभाळायला मात्र एकच मुलगा, फोन केला की येणारा. कामाला चोख, पण सगळे पासवर्ड त्याच्या डोक्यात.

२०२५ च्या जानेवारीत एका सकाळी अकाउंटंट काकांनी टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडलं तर त्यात आमची कंपनीच दिसेना. प्रत्येक फाइलच्या नावाला भलतंच शेपूट लागलेलं आणि डेस्कटॉपवर पैसे मागणारी चिठ्ठी. बॅकअपची हार्ड डिस्क सर्व्हरला कायम जोडलेली, म्हणून तीही गेली. लॉकडाऊनमध्ये काकांना घरून काम करता यावं म्हणून रिमोट डेस्कटॉपचा (दुरून कॉम्प्युटर चालवण्याची सोय) ३३८९ पोर्ट, म्हणजे आत यायचं दारच, थेट इंटरनेटवर उघडला होता, तो बंद करायचं राहून गेलं होतं.

गेटवर गाडी भरून उभी. ५ कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) सक्तीचं आहे, त्यामुळे टॅली बंद म्हणजे बिल बंद आणि बिल नाही तर गाडी हलत नाही. काकांनी पोर्टलवर बसून एकेक बिल हाताने भरलं. ड्रायव्हर दर वीस मिनिटांनी दारात येऊन विचारायचा, “ताई, झालं का?” दुपारी तीनला गाडी सुटली. सीएंकडे ऑडिटसाठी दिलेली जुनी कॉपी होती म्हणून वाचलो. मधल्या सहा आठवड्यांच्या नोंदी चलनांवरून परत भरल्या.

त्यानंतर तीन कंपन्यांना बोलावलं. तिघांनीही प्रति कॉम्प्युटर दर आणि किती वेळात माणूस येईल ते सांगितलं. मी एकच गोष्ट मागितली: तुमच्या एखाद्या ग्राहकाकडे बॅकअपमधून फाइल परत आणून दाखवा. एकजण म्हणाला, “मॅडम, बॅकअप रोज होतो, मेल येतो.” दुसऱ्याने विषय बदलला. तिसऱ्याने ग्राहकाची परवानगी काढली, मला तिथे नेलं आणि आठवड्यापूर्वीचं एक ड्रॉइंग माझ्यासमोर परत आणलं. वर त्यानेच विचारलं, “तुमचं डोमेन, म्हणजे वेबसाइट-ईमेलचं नाव, कोणाच्या नावावर आहे?” आमच्यात कोणालाच सांगता येईना. शोधलं तर डोमेन जुन्या माणसाच्या खात्यात, टॅलीच्या लायसन्सलाही त्याचाच ईमेल. ते सगळं आमच्या नावावर यायला तीन आठवडे लागले. या तिसऱ्याचा दर महिना ८५० रुपये प्रति कॉम्प्युटर, सर्वांत स्वस्त ५०० होता. मार्चपासून काम त्यालाच दिलं.

आता बॅकअप रोज रात्री दोन ठिकाणी जातो, त्यातला एक इमारतीबाहेर. दर महिन्याला एकदा रिस्टोरची, म्हणजे बॅकअपमधून फाइल परत आणण्याची, चाचणी होते आणि कुठली फाइल मागायची ते आमचे स्टोअरचे मामा ठरवतात, इंजिनिअर नाही. जूनमध्ये मामांनी मागितलेली फाइल मिळालीच नाही. डिझाइनवाल्यांनी फोल्डर नव्या ड्राइव्हवर हलवलं होतं आणि तो ड्राइव्ह बॅकअपच्या यादीत नव्हता. रोजचा मेल मात्र ‘यशस्वी’ म्हणूनच येत होता! तुम्ही कोणाशीही करार करत असाल तर ही चाचणी त्यात लिहून घ्या, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (कॉम्प्युटरमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि आमचे १३ कॉम्प्युटर त्यात बसत नव्हते. यांनी मे महिन्यातच यादी दिली, त्यामुळे खरेदी पाच महिन्यांत विभागता आली. सीएमएमचा (पार्टची मापं तपासणारं मशीन) कॉम्प्युटर बदलणं शक्य नव्हतं, त्याचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालतं. त्याचं इंटरनेट काढलं आणि त्याला वेगळ्या नेटवर्कवर टाकलं. हे काम मला फार आवडलं, कारण नवीन कॉम्प्युटर विकायची संधी त्यांनी घेतली नाही.

तक्रारी आहेत. आमची सुट्टी गुरुवारी, रविवारी कारखाना चालू, आणि यांचं ऑफिस रविवारी बंद. हे सही करताना कोणाच्याच लक्षात आलं नाही. सप्टेंबरमधल्या एका रविवारी नेटवर्कचा स्विच (कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा डबा) गेला आणि अर्धा दिवस जॉब कार्ड हाताने लिहावी लागली. इंजिनिअरही दहा महिन्यांत तिसरा आहे, प्रत्येकाला कुठला प्रिंटर कशाचा ते नव्याने सांगावं लागतं. करारात ‘३० मिनिटांत प्रतिसाद’ लिहिलं होतं, पण प्रतिसाद म्हणजे नुसता फोन. बिघाड दुरुस्त किती वेळात होणार, हा आकडा वेगळा मागावा लागतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचा असतो. ते कोण कळवणार हेही आम्ही नंतर लिहून घेतलं.

मार्चमध्ये करार आणखी एका वर्षासाठी वाढवतेय, रविवारची सेवा धरून दर ९२० ठरलाय. सगळे अ‍ॅडमिन पासवर्ड आता सीलबंद पाकिटात आमच्या तिजोरीत असतात आणि दर तीन महिन्यांनी पाकीट बदलतं. परवा नवीन आलं. त्यातला फायरवॉलचा (इंटरनेटवरून आत येणारं अडवणारी यंत्रणा) पासवर्ड मी स्वतः टाकून बघितला, मगच सील केलं.