गृहलक्ष्मीचे दोन हजार: भिशी, पिग्मी, आरडी की सोनाराची स्कीम?

माझी धाकटी जाऊ खानापूर तालुक्यातल्या एका गावात राहते. गेल्या शनिवारी बाजाराला बेळगावला आली होती. जेवणं झाल्यावर भांडी आवरता आवरता म्हणाली, "अक्का, गृहलक्ष्मीचे पैसे आता मोडायचे नाहीत असं ठरवलंय. तुम्ही सांगा, ठेवू कुठं?"

ऑगस्ट २०२३ पासून कर्नाटकात सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेत घरच्या कर्त्या बाईच्या खात्यावर महिन्याला २,००० रुपये येतात. आजवरचे तिचे पैसे भाजी, मोबाईलचं रिचार्ज आणि आहेरात कधी गेले ते तिलाही सांगता येत नाही. आता तिला चौघींनी चार वाटा सांगितल्यात: गल्लीतली भिशी, सोसायटीची म्हणजे पतसंस्थेची पिग्मी (रोज दारात येऊन गोळा करतात ती), पोस्टाची आरडी (दर महिन्याला ठरलेला हप्ता भरायची ठेव) आणि सोनाराची अकरा महिन्यांची स्कीम. तिच्यासारख्या खूप जणी आपल्या भागात आहेत, म्हणून तिला जे सांगितलं ते नीट लिहून काढते.

मी आधी विचारलं, "पैसे लागणार कशाला ते सांग." तिच्या दोन गरजा निघाल्या. गावची लक्ष्मी यात्रा दोन वर्षांवर आली आहे आणि मुलगी आठवीत आहे. आपल्याकडं यात्रा कितीतरी वर्षांनी भरते. घर रंगवायचं, आठवडाभर पाहुणे, जेवणावळी. फायनान्सचं कर्ज काढून यात्रा केलेली आणि पुढं तीन वर्षं आठवड्याचा हप्ता भरत बसलेली घरं मी जवळून बघितली आहेत. वसुलीचा जाच इतका वाढला की २०२५ मध्ये राज्य सरकारला त्यावर अध्यादेश काढावा लागला. तुमच्यावर आत्ताच असा हप्ता असेल तर या चारही वाटा बाजूला ठेवा आणि ते दोन हजार तिकडं भरा. कर्जाचं व्याज वीस-चोवीस टक्के असताना सहा-सात टक्क्यांनी बचत करण्यात अर्थ नाही.

व्याजाचं आधी उरकते. महिन्याला २,००० प्रमाणे वर्षभर भरले तर ६.७ टक्क्यांच्या आरडीत साधारण ८७० रुपये मिळतात. चिठ्ठी टाकून नंबर काढायच्या भिशीत काहीच मिळत नाही. पिग्मीचा दर ज्याची त्याची संस्था ठरवते, पण रोज दारात येणाऱ्या माणसाचं कमिशन त्यातूनच भागायचं असतं, त्यामुळं तो बहुतेक आरडीच्या खालीच राहतो. म्हणजे वर्षाचा सगळा फरक एका गॅस सिलिंडरएवढा. त्यासाठी रात्र जागवू नका. पैसा कुणाच्या हातात आहे आणि लागेल त्या दिवशी परत मिळेल का, हे बघण्यात वेळ घालवा.

भिशीबद्दल मला माया आहे. दहा जणी, प्रत्येकीचे दोन हजार, दर महिन्याला एकीला वीस हजार. कागद नाही, फॉर्म नाही, आणि शेजारणीसमोर मान खाली जाऊ नये म्हणून हप्ता चुकत नाही. लाजेनं झालेली बचतही बचतच असते. पण गृहलक्ष्मीचे पैसे दर महिन्याला वेळेवर येत नाहीत, कधी दोन-तीन महिने थांबून एकदम येतात. भिशी तेवढं थांबत नाही. हप्ता भरायला उसने घ्यावे लागले की भिशीचा उपयोग संपला. दुसरी अडचण नंबराची. यात्रा चैत्रात आणि तुमची चिठ्ठी आली श्रावणात, तर मधल्या आठ महिन्यांत त्या वीस हजारांना पाय फुटतात.

बोलीची भिशी मात्र मी तिला साफ नको म्हटलं. वीस हजारांची भिशी कुणी सतरा हजाराला उचलते, राहिलेले तीन हजार दहा जणींत वाटले जातात. पहिल्या महिन्यात अशी उचलणाऱ्या बाईनं कर्जच काढलेलं असतं, आणि हिशोब मांडला तर ते सोन्यावरच्या कर्जापेक्षा महाग पडतं. शिवाय भिशी चालवणारा पळाला तर दाद मागायला कागद नसतो. चिट फंडाचा, म्हणजे अशाच भिशीचा, कायदा १९८२ पासून आहे आणि नोंदणी केलेली चिट त्याखाली येते. आपल्या राज्यात सरकारी कंपनी एमएसआयएलसुद्धा चिट चालवते. गल्लीतल्या भिशीला त्यातलं काही लागू करून घेता येत नाही. म्हणून भिशी करायची तर पाच-सहा घरच्या माणसांत, आणि बुडाले तरी चूल पेटेल एवढ्याच रकमेची.

पिग्मीवर मला जास्त बोलायचं आहे, कारण तिथं माझे पैसे अडकले आहेत.

पिग्मी ही कर्नाटकातलीच देणगी. उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये ती सुरू केली, रोज दोन आणे गोळा करून. ज्याची कमाई रोजची आहे, म्हणजे भाजीवाला, चहाचा गाडा, रिक्षा, त्याला याहून चांगली सोय मला अजून दिसलेली नाही. महिन्याच्या शेवटी हजार रुपये त्याच्या हातात कधीच नसतात, रोजचे पन्नास असतात. मीही शिलाईच्या पैशातून रोज पन्नास भरत होते. साडेतीन वर्षांत साठ हजारांच्या वर जमले आणि एक दिवस सोसायटीच्या शटरला कुलूप दिसलं. गोळा करायला येणारा मुलगा आमच्याच गल्लीतला. तो बिचारा आमच्यासमोर रडला, त्याच्या आईचे पैसेही तिथंच होते.

मी तिथं विश्वास का ठेवला, याचा नंतर खूप विचार केला. बँकेत गेलं की फॉर्म कन्नड किंवा इंग्रजी. सोसायटीत मराठीत अर्ज, मराठीत बोलणं, संचालक ओळखीचे, गणपती मंडळाच्या अहवालात त्यांचे फोटो. आपली भाषा बोलणारा माणूस आपला वाटतो. सीमाभागात राहणाऱ्याला ते वाटणं किती खोल असतं, हे बाहेरच्याला कळायचं नाही. पण भाषा जुळली म्हणून ठेवीला विमा मिळत नाही.

तर विम्याचं. बँक बुडाली तर एका ठेवीदाराला त्या बँकेतल्या ठेवींवर व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, फेब्रुवारी २०२० पासून. यात सहकारी बँकाही येतात. पतसंस्था येत नाहीत. राज्याच्या १९५९ च्या सहकारी कायद्याखालची सोसायटी असो, १९९७ च्या कायद्याखालची सौहार्द सहकारी संस्था असो, की महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडं शाखा असलेली २००२ च्या कायद्याखालची मल्टिस्टेट असो, तिन्हींना हा विमा नाही. मल्टिस्टेटचा निबंधक तर दिल्लीत बसतो. चांगल्या चाललेल्या सोसायट्या आपल्या जिल्ह्यात आहेत, त्यांनी अनेकांची घरं उभी केली आहेत, हे मी नाकारत नाही. पण पिग्मी लावायचीच असेल तर बँकेची लावा. सोसायटीची असेल तर वर्षाला रक्कम काढून बँकेत टाका, आणि पावती किंवा मेसेज आल्याशिवाय रुपया हातातून सोडू नका. जावेची कमाई रोजची नाही, तिला पिग्मीची गरजच नाही.

सोनाराच्या स्कीमचं थोडक्यात. अकरा हप्ते भरा, बारावा सोनाराचा. ऐकायला सगळ्यात गोड. हातात मात्र दागिनाच येतो, आणि त्याच्यावर घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी. बारावा हप्ता बहुतेक तिथंच जिरतो. तो मोडून यात्रेला पैसे करायचे म्हटलं तर घडणावळ परत मिळत नाही. भरलेल्या हप्त्याचं त्याच दिवशीच्या भावानं सोनं जमा होतं का, की नुसते रुपये, हे आधी विचारा. २०२५ सारखा भाव उसळला तर दोन्हींत फार अंतर पडतं. शिवाय सोनाराकडच्या पैशालाही ठेवीचा विमा नाही. मुलीच्या लग्नासाठी सोनं घ्यायचंच ठरलं असेल, तर जुन्या ओळखीच्या पेढीत ठीक.

राहिली आरडी. पोस्टाची आरडी पाच वर्षांची, महिन्याला १०० रुपयांपासून. ६.७ टक्क्यांनी दरमहा १,००० भरले तर ६० हजारांचे साधारण ७१ हजार होतात. मुलगी आठवीत, पाच वर्षांनी पीयूसी म्हणजे बारावी संपते, नेमकी त्याच उन्हाळ्यात ही रक्कम सुटते. हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया दंड, म्हणजे हजारामागं महिन्याला दहा रुपये. गृहलक्ष्मी उशिरा आली तरी जावेचं बिघडत नाही. चारपेक्षा जास्त हप्ते मात्र थकू द्यायचे नाहीत. तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही, आणि त्यानंतर मुदतीआधी मोडली तर साध्या बचत खात्याचं व्याज मिळतं. अडचण आलीच तर वर्षभरानंतर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं. मोडायला अवघड आहे म्हणूनच मला ती आवडते. "वैनी, जरा दोन हजार द्या की" म्हणत येणाऱ्या दिराला खरं कारण सांगता येतं.

यात्रेला मात्र पोस्ट चालत नाही, कारण पाच वर्षं कुठं आणि दोन वर्षं कुठं. त्यासाठी बँकेची चोवीस महिन्यांची आरडी, दुसऱ्या हजाराची. यात्रेपर्यंत व्याजासह पंचवीस हजारांच्या वर होतील. ती म्हणाली, "पंचवीस हजारांत यात्रा कशी व्हायची?" मी म्हटलं, "तेवढ्यात होईल तेवढीच करायची. रंग एका खोलीला दे, पण फायनान्सवाल्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस."

मंगळवारी तिचा फोन आला. गावातल्याच पोस्टात जाऊन आली होती. फॉर्म कन्नडमध्ये होता. मुलगी शाळेत कन्नड शिकते, तिनं एकेक ओळ वाचून आईला मराठीत सांगितली, आणि अर्थ कळल्यावरच जावेनं सही केली. वारसाच्या रकान्यात मुलीनं स्वतःचं नाव लिहिलं. आता बँकेच्या आरडीसाठी शनिवारी परत येणार आहे, तेव्हाही मुलीला बरोबर आण म्हटलंय.