कोबोटूलबॉक्स: खाडीकाठच्या प्रकल्पाच्या मूल्यमापनासाठी वापरून बघितलं

वेंगुर्ला-मालवण पट्ट्यातल्या महिला बचतगटांच्या कालवं आणि खेकडा पालनाच्या प्रकल्पाचं मूल्यमापन आम्ही इथल्याच पोरापोरींनी केलं, त्यासाठी कोबोटूलबॉक्स, म्हणजे फोनवर सर्वेक्षणाचे फॉर्म भरून घ्यायचं साधन, वापरलं. आमच्यासारख्यांना फुकटात पुरतं. फॉर्म वेबसाइटवर नाहीतर एक्सेलमध्ये बनवायचा आणि अँड्रॉइड फोनवर कोबोकलेक्ट अ‍ॅप टाकायचं. ऑफलाइन चालतं हे सगळ्यात भारी, कारण खाडीच्या आतल्या वाड्यांत रेंज नसतेच, फॉर्म भरून सेव्ह करायचे आणि संध्याकाळी बाजारात आलं की पाठवायचे. प्रश्न मराठीत टाकता येतात. खेकडा पालन करता का याला "नाय" आलं की खेकड्याचे पुढचे प्रश्न दिसतच नाहीत, आणि किलोचा आकडा भलताच टाकला तर अ‍ॅप अडवतं, फक्त ती मर्यादा आपण आधी घालून ठेवायची.

पण विचारायचं काय आणि कधी, हे अ‍ॅप सांगत नाही, आणि खरं काम तिथेच आहे! ओईसीडी या देशांच्या आर्थिक संघटनेचे मूल्यमापनाचे सहा निकष आहेत, सहावा २०१९ ला वाढवला. सगळे एकाच फॉर्ममध्ये कोंबले तर समोरची बाई कंटाळते, म्हणून आम्ही दोनच धरले, घरात पैसा वाढला का आणि प्रकल्प चालवणारी संस्था गेल्यावर हे चालू राहील का. मग वेळ. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, म्हणजे बेसलाइन (सुरुवातीची पाहणी) मेमध्ये आणि एंडलाइन (शेवटची पाहणी) जुलैत घेतली तर बोटीवर जाणाऱ्यांच्या घरचं उत्पन्न पडलेलं दिसणार आणि खापर प्रकल्पावर फुटणार. दोन्ही वेळा महिना एकच ठेवा आणि गटात नसलेल्या बायकांनाही तेच प्रश्न विचारा, नाहीतर बाजारात भाव वाढला म्हणून पैसा वाढला की प्रकल्पामुळे हे कळणारच नाही. ओहोटीला बायका तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवं काढायला खाडीत असतात, म्हणून भरतीला घरी जावा, आणि ही वेळ रोज साधारण पाऊण-एक तास पुढे सरकते ते धरूनच आठवड्याचं वेळापत्रक लावा.

उणं म्हणाल तर आयफोनला कोबोकलेक्ट नाही, ब्राउझरमधल्या फॉर्मवर भागवावं लागतं. घरातल्या प्रत्येक माणसाची माहिती रिपीट ग्रुपमध्ये (तेच प्रश्न प्रत्येकासाठी पुन्हा येणारा फॉर्मचा भाग) घेतली तर ती एक्सेलमध्ये वेगळ्या शीटवर येते, ती जोडायला जाणकार कोणीतरी लागतो. आणि वाढलेला पैसा घरात कोणाच्या हातात राहतो असल्या गोष्टी टिकमार्कमध्ये येत नाहीत, त्यासाठी गटाची बैठक आणि वहीच बरी. त्याच बैठकीत नंतर निष्कर्षही सांगा, बायकांनी कामातून वेळ काढून उत्तरं दिलेली असतात, त्यांना ते कळलंच पाहिजे.

माझ्याकडून साडेचार स्टार. फॉर्म मध्येच बदललात तर सगळ्यांच्या फोनवर नवीन व्हर्जन आलंय ना ते सकाळी निघायच्या आधी, रेंज असतानाच बघून घ्या.